टक् झाल्यानंतरचा पाव फेरा

अप्पा, तुमचं चुकलं होतं. हे सांगायलाच लिहायला बसले आहे, तेव्हा आधी सांगून टाकते, म्हणजे उगीच इकडचं तिकडचं लिहून पानं भरायला नकोत. जनरेटरच्या त्या रबरी चकत्यांत खोट नव्हती. चाचांचं रबर चांगलं होतं. खोट तुमच्या हातात होती, आणि हे मला कळलं कसं, तर तीच खोट माझ्या हातात निघाली म्हणून. तुम्ही असता तर एवढं वाचूनच उठला असता, "बापाला शिकवायला लागलीस व्हय" म्हणून मंगळवार पेठेतल्या आपल्या दाराच्या पायरीवर जाऊन तोंड फिरवून बसला असता. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. आता उठून जायची सोय नाही, ऐकावंच लागेल.

मी नेमकं काय काम करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही विचारायचा, "यंत्र दुरुस्त करतीस का नुसतं बघतीस?" आणि मी म्हणायचे, "मोजते." मग तुम्ही अव्वाकडे बघून हसायचा. तेव्हा मी पुण्यात गाड्यांच्या इंजिनांची थरथर मोजत होते. तुमच्यानंतर काही वर्षांनी अव्वा एकटी राहीना आणि पुण्याला येईना, म्हणून मी कोल्हापूरला परत आले आणि शिरोलीतल्या एका लहान कारखान्यात लागले. इथं जहाजाच्या पोटात बसणाऱ्या सोनारच्या चौकटी बनतात. सोनार म्हणजे पाण्याखालचा कान. पाण्यात उजेड फार लांब जात नाही, आवाज मात्र कोसच्या कोस जातो, म्हणून जहाज पाण्याखाली बघत नाही, ऐकतं. आता अडचण अशी की त्याच जहाजात इंजिन आहे, पंप आहेत, पंखे आहेत, आणि सगळे आपापल्या परीनं थरथरत असतात. ती थरथर लोखंडातून चालत कानापर्यंत पोहोचली की कानाला बाहेरचं काही ऐकू येत नाही, तो स्वतःचंच जहाज ऐकत बसतो. म्हणून कानाची चौकट आणि जहाज यांच्यामध्ये रबर घालायचं. आठ ठिकाणी, पत्र्याच्या वर एक चकती, खाली एक चकती, आणि मधून बोल्ट. मग मी हरभऱ्याएवढा एक सेन्सर रबराच्या खाली मेणानं चिकटवते, तसाच एक वर चिकटवते, आणि सगळं थरथरवणाऱ्या टेबलावर ठेवते. खाली किती हललं आणि वर किती पोहोचलं, ते बघायचं. मधलं जे नाहीसं झालं ते रबरानं खाल्लं. एवढंच माझं काम, अप्पा. खाल्लं का नाही ते बघायचं.

तुम्ही हेच काम पाण्याच्या पेल्यावर करायचा. इंजिन चालू केलं की स्टीलचा पेला काठोकाठ भरून त्याच्या डोक्यावर ठेवायचा आणि वाकून पाण्याकडं बघायचं. पाणी नुसतं शहारलं तर ठीक, सांडलं तर इंजिन परत खोलायचं. खंडेनवमीला तुमच्या इंजिनांच्या कारखान्यात हत्यारांची पूजा असायची आणि आम्हा घरच्यांना आत यायला मिळायचं, तेव्हा मी तो पेला पहिल्यांदा बघितला. मी सातवीत होते. झेंडूची माळ घातलेलं इंजिन, त्यावर पेला, आणि तुम्ही कपाळाला गुलाल लावून त्या पाण्याकडं असं बघत होता की देवाकडंसुद्धा तसं कधी बघितलं नसेल. मग तुम्ही माझ्या हातात पाना दिलात आणि म्हणालात, "आवळ." मी आवळला. नट बसला, पुढं जाईना, मी थांबले. सगळे बघत होते. तुम्ही म्हणालात, "झालं? जीव न्हाय काय हातात?" मला रडूच आलं असतं, पण तुम्ही माझ्या हातावर तुमचा हात ठेवलात, पान्यासकट मुठीत धरलात, आणि आणखी पाव फेरा दिलात. "पान्याचं ऐकायचं," म्हणालात, "आन मग आपलं एक द्यायचं." बोटं दुखली होती. पण दिवसभर मी तो हात कुणाला लावू दिला नाही, इतकं मला भारी वाटत होतं.

तो पाव फेरा कुठून आला ते मला नंतर अव्वानं सांगितलं. तुम्ही नेसरीहून नवीन आला होता, कामाला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. तुमच्या शेजारच्या माणसानं आवळलेला एक नट चालत्या इंजिनात सुटला, पट्ट्यावरची जाळी निघाली आणि त्याच माणसाची दोन बोटं गेली. तुम्ही ती बोटं रुमालात घेऊन दवाखान्यापर्यंत पळाला होता. त्यानंतर तुमच्या हातून गेलेल्या एकाही नटाला तुम्ही नुसतं आवळून सोडलं नाही. पुढं टॉर्कचे पाने आले, ठरलेला जोर लागला की टक् असा आवाज करणारे. साहेबांनी सांगितलं, टक् झालं की थांबायचं. तुम्ही घरी येऊन जेवताना म्हणालात, "ते टक् म्हणतंय म्हणून थांबायचं? ते काय आपलं मालक हाय?" आणि टक् नंतर पाव फेरा देत राहिलात. तुमचं एकही इंजिन सुटून परत आलं नाही, म्हणून तुम्हाला कुणी काही बोललं नाही.

घरी तर काय सांगायचं. लोणच्याच्या बरण्या, गॅसचा नळ, पाण्याच्या टाकीचं झाकण, कुकरच्या कानाचा स्क्रू, जे फिरतं ते सगळं तुम्ही आवळायचा. अव्वाला लोणचं काढायचं असलं की तुम्ही कामावरून यायची वाट बघावी लागायची. पाहुणे जेवायला बसलेले आणि अव्वा पदरात बरणी धरून झगडतेय, हे मी किती वेळा बघितलंय. शेवटी ती तुमच्याजवळ उभीच राहायला लागली. तुम्ही झाकण फिरवायला लागला की एका ठिकाणी म्हणायची, "साकु, बिडी." पुरे, सोडा आता. आईला अव्वा म्हणण्यापलीकडं आपल्या घरात कानडी फारसं नव्हतं, पण हे ती कायम कानडीतच म्हणायची, आणि तुम्ही कधीच ऐकायचा नाही. ती ओट्याकडं वळली की हळूच द्यायचा तो पाव फेरा. मला दिसायचं. तुम्ही माझ्याकडं बघून डोळा मारायचा.

आता चाचांकडं येते. उद्यमनगरात त्यांचं रबराचं दुकान, म्हणजे दोन प्रेस, एक भट्टी आणि ते स्वतः. तुमच्या कारखान्याला लागणारं सगळं रबर त्यांच्याकडून यायचं, आणि दर रविवारी सकाळी ते आपल्याकडं यायचे. चहा, मग दुसरा चहा, मग तुम्ही दोघं पायरीवर बसून इंजिनांची निंदानालस्ती करायचा, जशी काही ती भाऊबंदच आहेत. ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा. अव्वा तो घासून त्यात साखर घालून परत पाठवायची. मग त्या जनरेटरचं झालं. मोठं काम होतं, दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर बसवायचं, म्हणून खाली रबराच्या चकत्या घालायच्या ठरल्या, थरथर जमिनीत जाऊ नये म्हणून. चकत्या चाचांनी बनवल्या, तुम्ही बसवल्या. चालू केल्यावर खालच्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या. तक्रार आली. तुम्ही सगळ्यांसमोर एक चकती टेबलावर आपटलीत आणि चाचांना म्हणालात, "हे रबर हाय का खडू?" हे मला चाचांनी सांगितलेलं नाही. तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, मोठ्या तोऱ्यात. चाचांचं काम बंद झालं. रविवार बंद झाले. त्या वर्षीच्या ईदला डबा आला तो तुम्ही न उघडता तसाच भरलेला परत पाठवलात. अव्वा दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही, आठवतं का? आठवत नसणार. तुम्हाला फक्त स्वतःचा राग आठवायचा.

मी शिरोलीत लागले तेव्हा आम्हाला थोडंसंच, पण अगदी ठराविक जातीचं रबर लागायचं. मोठ्या कंपन्या एवढ्याशा कामाला दारात उभं करत नाहीत. म्हणून मी उद्यमनगरात गेले. चाचा म्हातारे झालेत, दाढी पांढरी झाली, कमरेत वाकलेत. मी कोण ते सांगितलं नाही, पण त्यांनी माझ्या हातातला कागद बघायच्या आधी तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "बापाचं नाक हाय." एवढंच. तुमचं नाव नाही, जुनं काही नाही. काम घेतलं आणि वेळेवर दिलं. गेली सहा वर्षं देताहेत. तुम्हाला हे आवडलं नसतं म्हणून मी अव्वालासुद्धा बरेच दिवस सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ती म्हणाली, "डबा दे मग माझ्याकडून," आणि साखरेचा डबा भरून दिला.

आता यंदाची गोष्ट. नवीन चौकट आली, आधीच्यापेक्षा मोठी. चाचांनी सोळा चकत्या बनवून दिल्या. एरवी जोडणीवाले आवळतात, पण हे काम नाजूक, म्हणून या वेळी बोल्ट मी स्वतः आवळले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. टेबलावर ठेवून थरथर दिली, आणि पडद्यावरची रेघ जिथं खाली बसायला हवी तिथं उठून उभी राहिली. खालची थरथर जशीच्या तशी वर जात होती, उलट थोडी जास्तच. मग आमच्याकडे पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्यात ऐकायचं यंत्र बसवलेली चौकट सोडली, तीच थरथर दिली आणि मी हेडफोन लावला. नुसती गूं. टाकीत दुसरं काही असतं तरी त्या गूंमध्ये बुडालं असतं. चौकट न्यायला वरच्या कंपनीचे, म्हणजे आम्हाला काम देणाऱ्यांचे, लोक पंधरा दिवसांनी येणार होते.

मी चकत्या काढून कडकपणा मोजायच्या घड्याळानं तपासल्या. बरोबर आल्या. आता इथं मी काय केलं ते बघा अप्पा. माझं आवळणं टॉर्कच्या पान्यानं झालंय, तेव्हा ते चुकूच शकत नाही, असं मी आधीच धरून चालले होते. मग उरलं काय? रबर. घड्याळ बरोबर दाखवतंय तर मिश्रणातच काहीतरी असेल, असं मी आमच्या मालकांना सांगितलं. सहा वर्षांत चाचांची एक चकती परत गेलेली नाही, आणि मी असं म्हणाले. मालक तेच ऐकायची वाट बघत असल्यासारखे लगेच वरच्या कंपनीला पत्र करून घेऊन आले की रबर पुरवणाऱ्याचा दोष आहे आणि आम्ही पुरवठादार बदलतो आहोत. मी सही केली. निदान तोंडावर सांगावं, एवढी तरी लाज बाळगावी, म्हणून दुपारी चाचांकडे गेले.

"चाचा, माल परत घ्यावा लागंल," मी म्हटलं. त्यांनी चकती घेतली, वाकवून बघितली, आणि मग ज्याला तुम्ही हसायचा ते केलं, कड दातात धरून चावून बघितली. "रबर बरोबर हाय," म्हणाले. "आवळलं कुणी?"

"मी."

"तू व्हय." ते थोडंसं हसले. "मग बरोबर."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "चाचा, टॉर्कच्या पान्यानं आवळलंय. टक् झालं की थांबतोय तो. त्यात हाताचा काय संबंध?"

त्यांनी चकती माझ्या हातात परत ठेवली. "तो थांबतोय की," म्हणाले. "तू थांबतीस का?"

मी ताडकन उठून बाहेर आले. शिरोलीपर्यंत गाडीवर एकटीच बडबडत होते. म्हातारा स्वतःची चूक पदरात घेत नाही, उलट माझ्यावर खापर फोडतो, वगैरे. तुमचीच वाक्यं होती ती, शब्दाला शब्द. त्यांना खोटं पाडायचं म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याच चकत्यांवर चौकट परत जोडली आणि या वेळी फोन समोर उभा करून सगळं चित्रित केलं. म्हटलं, हे दाखवते, मग बोला म्हणावं. परत थरथर दिली, परत रेघ उभी. मग डबा उघडून जेवता जेवता ते चित्रण बघायला बसले. पहिला बोल्ट. पाना फिरतो. टक्. आणि माझं मनगट थांबत नाही. आणखी थोडं जातं, पाव फेरा, आणि मग पाना निघतो. मला वाटलं, एखाद वेळी झालं असेल. दुसरा बोल्ट. टक्, आणि मनगट. तिसरा. आठही बोल्ट मी घास हातात धरून बघितले. इंजिनियर झाले, मोजमापाची माणूस म्हणून मिरवते, आणि आयुष्यात एकदाही मी टक् ला थांबलेली नव्हते. मला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. पडद्यावर तो हात माझा होता, पण पाना धरताना अंगठा जसा बाहेर ठेवलाय, तसा फक्त तुम्ही ठेवायचा.

तुम्हाला रबराचं सांगते, कारण तुम्हाला ते कुणी कधी सांगितलंच नाही. लोखंडाला लोखंड आवळायचं तर घट्ट असावं, तुमचं तिथं बरोबर होतं. रबराचं काम मात्र हलायचं आहे. त्याला हलायला जागा असेल तर ते थरथर पोटात घेतं. आवळून आवळून दाबलं की त्याचं रबरपण जातं, ते दगड होतं, आणि दगडातून सगळं पार जातं. त्या जनरेटरखाली तेच झालं. चाचांनी मऊ चकत्या दिल्या होत्या आणि तुम्ही आपल्या हातानं त्यांचा खडू केलात. काळजीपोटी केलात, हे मला कळतं. कुणाची तरी बोटं वाचावीत म्हणून केलात. पण दोष दिलात चाचांना, आणि एकदा, एकच बोल्ट, सैल करून बघितला नाहीत.

त्या दुपारी मी सगळे बोल्ट सोडवून नव्यानं जोडले. हाताला सवय असते, नुसतं ठरवून तो थांबत नाही. दोनदा चुकले. मग काय सुचलं कुणास ठाऊक, टक् झालं की मी मोठ्यानं म्हणायला लागले, "साकु." आणि हात थांबला. आठ बोल्ट, आठ वेळा साकु. आजूबाजूचे लोक खुळ्यागत बघत होते. टेबलावर थरथर दिली, रेघ खाली बसली ती उठली नाही. टाकीत यंत्र सोडून हेडफोन लावला तर आधी मला वाटलं, तार निघाली. काहीच नाही. मग माझी बांगडी टाकीच्या काठाला लागली, आणि ते किणकिणणं कानात इतकं स्वच्छ आलं की मी दचकले.

मालकांना सांगायला गेले. ते खूश झाले, आणि मग काय झालं होतं ते ऐकल्यावर म्हणाले, "मॅडम, पत्र गेलंय वर. रबराचा दोष म्हणून. तुमची सही हाय त्यावर."

"माझी सही हाय म्हणूनच मी ते परत घेणार."

"आन काय लिहिणार? जोडणीत चूक झाली? आमच्या परीक्षण विभागाच्या प्रमुखबाईंनी केली? पुढचं काम देतील व्हय ते आपल्याला?" ते वाईट माणूस नाहीत अप्पा, पन्नास घरं आहेत त्या कारखान्यावर. ते मला समजावायला लागले. रबर बदललं आणि पास झालं असं लिहू. चाचांना आपण दुसरं काहीतरी काम देऊ, चटया देऊ, पाइपच्या वळ्या देऊ. म्हातारा माणूस, त्याला काय कळणार आहे?

"त्यांना कळलंय," मी म्हटलं. "त्यांना माझ्या आधी कळलंय."

खरं सांगते, मला भीती वाटत होती. या वयात नोकरी गेली तर कोल्हापुरात हे काम दुसरीकडं नाही, आणि अव्वाला सोडून मी कुठं जाणार नाही. पण चाचांच्या तोंडातून एकदा घास गेला तो आपल्या घरामुळं, आणि आता दुसऱ्यांदा जाणार तोही आपल्याच घरामुळं, आणि तोही मला सगळं ठाऊक असताना. तुम्हाला निदान ठाऊक नव्हतं. मी तिथंच त्यांच्या समोर बसून पत्र लिहिलं. रबर निर्दोष आहे, जोडणी करताना माझ्या हातून ठरलेल्यापेक्षा जास्त आवळलं गेलं, सोबत चित्रण जोडलं आहे. खाली सही. मालक म्हणाले, "बापावर गेलाय तुम्ही." त्यांना माहीत नव्हतं ते काय बोलताहेत.

काम गेलं नाही. चौकट वेळेवर गेली. वरून एका साहेबांचा फोन आला आणि त्यांनी मला खूप सुनावलं, ते मी गपगुमान ऐकून घेतलं. पुढच्या चौकटीचं अजून ठरलेलं नाही. होईल ते होईल.

मग मी चाचांकडं गेले. शुक्रवार होता, ते नमाज आटोपून नुकतेच दुकानात आले होते. मी चित्रण दाखवलं. त्यांनी फोन अगदी डोळ्याजवळ धरून एकच बोल्ट बघितला आणि परत दिला. "मला जनरेटरच्या वेळीच वाटलंतं," म्हणाले. "पन माझ्याकडं मोजायला काय हुतं? तुझा बाप फोरमन, मी रबरवाला. म्हनलो आसतो तरी कोन ऐकनार? आन नुसत्या वाटण्यावर मित्राला चुकीचा म्हनायचा?" त्यांनी हे अगदी सहज सांगितलं, जसं कुणी हवापाण्याचं बोलतं. मला मात्र बसवेना. इतकी वर्षं तो माणूस मनात ते धरून बसला होता. आणि मला वाटलं, यांना काहीतरी द्यायला हवं, आणि द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

म्हणून मी खोटं बोलले, अप्पा. मी म्हटलं, "अप्पांना शेवटी कळलं होतं, चाचा. दवाखान्यात असताना म्हणाले मला. माझा हात जड पडला, रबर बरं होतं, चाचाला सांग म्हणून." इतकं भरभर बोलून गेले की माझं मलाच खरं वाटलं.

चाचांनी चहावाल्याला बोटांनी दोनची खूण केली. मग म्हणाले, "दवाखान्यात त्याचं तोंड चालत न्हवतं, पोरी. झटक्यानं वाचा गेलती. मी आलतो की बघायला."

चाचा येऊन गेल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. अव्वालाही माहीत नव्हतं, मी नंतर विचारलं. तुम्हाला झटका आला तेव्हा मी पुण्यात होते, महत्त्वाची चाचणी चालू आहे म्हणून तिसऱ्या दिवशी निघाले, आणि पोहोचले तेव्हा तुम्ही डोळेसुद्धा उघडत नव्हता. चाचा दुसऱ्या दिवशी आले होते, अव्वा स्वयंपाक करायला घरी गेली होती तेव्हा. स्टुलावर बसले. तुम्ही त्यांच्याकडं बघत होता म्हणे. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. "मग मी त्याचा हात धरला," चाचा म्हणाले. "म्हनलो, ऱ्हाऊ दे आता. तर त्यानं दाबला. मी सोडवून घ्यायला लागलो तर परत दाबला. लई जोरात. नेहमीसारखा, जरा जास्तच." आणि त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातात घेऊन मला दाखवला, जसा काही तो अजून दुखत होता. "तवा तू खोटं बोलू नकोस," म्हणाले. "चहा घे."

मी चहा घेतला. कपातून थोडा सांडला.

चूक आपलीच होती हे तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठं. पानं घडी घालून तुमच्या जुन्या पान्यांच्या पेटीत ठेवीन, त्यातला वरचा खण रिकामाच आहे. एक मात्र सांगून ठेवते. कारखान्यात माझ्या टेबलावर पत्र्याचा एक तुकडा आहे, त्याला वर एक आणि खाली एक अशा चाचांच्या दोन चकत्या आणि मधून बोल्ट, टक् होऊन वर पाव फेरा दिलेला, मुद्दाम. चकत्या दबून कडेनं फुगल्यात. नवीन लोकांना काय करायचं नाही ते दाखवायला ठेवलाय, असं मी सगळ्यांना सांगते. आजवर एकालाही दाखवलेला नाही. दुपारी कुणी नसलं की मी तो मुठीत धरून बसते, आणि अंगठा बाहेर ठेवते.